राहती इमारत, वर्ग ब

भिंतींना कान असतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे.
तारांना तोंड असतं,
हे सांगण्याचा मला पगार मिळतो.

लिएपाया. समुद्रावरचा वारा
नऊ मजल्यांच्या सांध्यांतून शीळ घालत येतो.
जिन्यात उकडलेल्या बीटचा वास, ओल्या कुत्र्याचा वास,
आणि चौथ्या मजल्यावर आर्विड्स क्रूमिन्श,
मासेमारी बोटीवरचे जुने बिनतारीवाले, वय एक्याऐंशी.
सतरावी तक्रार हातात धरूनच दार उघडतात.

"संध्याकाळी सहा ते दहा. ऐका."
रेडिओत गुरगुर,
पत्र्याच्या डब्यात कुणी पोळं कोंबावं तशी.
"हिच्याखाली माझं स्टेशन आहे.
एक बाई बोटींना हवामान वाचून दाखवायची.
वाऱ्याचा जोर, लाटांची उंची, मग शुभरात्री.
सहा वर्षं तिचा एक शब्द कानी नाही."

नियम तसा साधा आहे.
सॉकेटमधून दोनशे तीस व्होल्ट घ्या,
हवं तेवढं जाळा, बिल भरा.
पण वापरून झाल्यावर तारेत परत काय ओकता
त्याला मोजमाप आहे.
कारखान्यात जास्त चालतं, तिथे सगळेच ओरडत असतात.
घरात कमी.
कारण भिंतीपलीकडे कुणी ऐकत असेल,
असं काही नियमात लिहिलेलं नाही.
तिथे नुसता तक्ता आहे. डेसिबल, मायक्रोव्होल्ट.
शेजारधर्म हा शब्द मी आपला मनातल्या मनात भरतो.

अँटेना हातात घेऊन मजले चढलो.
पाचव्यावर मत्स्यालय, निर्दोष.
सहाव्यावर कुणी दारच उघडलं नाही.
सातव्यावर काटा टोकाला जाऊन आपटला.

स्काइद्रिते वानागा.
पलंग भिंतीशी उभा करून ठेवलेला
आणि त्याच्या जागी विणकामाचं यंत्र,
एखादी गाय खोलीत बांधावी तसं.
कारखाना बंद झाला तेव्हा
तीन महिन्यांच्या पगाराऐवजी हेच मिळालं.
पाठीवर पट्टी होती, अर्धी खरवडलेली:
निवासी इमारतीत वापरू नये.

"आवाज होतो म्हणून नवी मोटर बसवली,"
त्या घाईघाईने म्हणाल्या,
"हळू फिरणारी. खालच्यांना त्रास नको म्हणून."

काय सांगू त्यांना?
की तो त्रास न देणारा डबाच
सेकंदाला हजारो वेळा वीज कातरत होता,
आणि कातरलेले तुकडे
तारेतून सरळ चौथ्या मजल्यावर पडत होते.

फिल्टर लावला. तार जाळीची घातली.
अर्थिंग नीट केलं, फेराइटच्या कड्यातून तीन वेढे दिले.
किंमत सांगितली. त्यांनी ती हातमोज्यांत मोजली.
"पाच जोड," म्हणाल्या. "सूर्याच्या नक्षीचे असतील तर चार."

यंत्र चालूच ठेवायला सांगून खाली आलो.
आर्विड्स वाट पाहत होते, शर्टाची वरची गुंडी लावून.
डायल फिरवली.
गुरगुर नव्हती.
बाईही नव्हती.

थोडं डावीकडे. थोडं उजवीकडे.
माझ्या यादीत त्या स्टेशनापुढे रेघ होती,
पाच वर्षांपूर्वीची.
मी यादी काढली नाही. त्यांनीही विचारलं नाही.
बिनतारीवाल्याला सांगावं लागत नाही,
पलीकडे माणूस गप्प आहे की माणूसच नाही.

अर्जात रकाना होता: व्यत्यय दूर झाला का?
होय.
त्याखाली सही.

"होतं तरी काय ते?"
"हातमोजे," मी म्हणालो. "सातव्या मजल्यावर विणतात."
"हातमोजे," ते म्हणाले,
जसा एखादा संदेश बरोबर पोचला की नाही ते ताडून पाहावं.

रेडिओ त्यांनी बंद केला नाही.
आवाज उलट थोडा वाढवला.
खोलीभर ते काहीच नसणं पसरलं,
स्वच्छ, नियमात चोख बसणारं,
मर्यादेच्या अठरा डेसिबल खाली.